जुने बिझनेस जेट घेताना: सायटेशन टू की लिअरजेट 35ए?

प्रश्न

नमस्कार. आम्हा तिघा भागीदारांच्या कंपनीसाठी एक जुने बिझनेस जेट घेण्याचा विचार चालू आहे. आमचे बहुतेक प्रवास 600 ते 800 नॉटिकल मैलांचे असतात, प्रवासी चार किंवा पाच, आणि वर्षभराचे उड्डाण जेमतेम 150 तासांचे होईल. पाहणी करता करता दोन विमाने उरली आहेत: 1981 चे सेस्ना सायटेशन टू आणि 1983 चे लिअरजेट 35ए. सायटेशनची किंमत बरीच कमी आहे, मात्र त्याच्या दोन्ही इंजिनांचे ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) 3,200 तास भरले आहेत. लिअरजेटची इंजिने तासागणिक पैसे भरण्याच्या देखभाल योजनेत आहेत, असे विक्रेता सांगतो. शिवाय एका मध्यस्थाने लिअरजेट 25 सुचवले असून त्याची किंमत ऐकून आमचे एक भागीदार त्याकडे ओढले गेले आहेत. वेग, पल्ला आणि खर्च यांचा मेळ कसा घालावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

मी जेट इंजिनांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. या वयाच्या विमानात आपण प्रत्यक्षात विकत घेता ते इंजिनात शिल्लक राहिलेले तास. सायटेशन टूच्या जेटी15डी-4 इंजिनाचे ओव्हरहॉल 3,500 तासांनी आणि मधली हॉट सेक्शन (इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागाची) तपासणी 1,750 तासांनी येते. म्हणजे आपल्या हाती 300 तास, वर्षाला 150 या हिशेबाने अवघी दोन वर्षे. त्यानंतर दोन्ही इंजिनांचे काम एकाच वेळी अंगावर येईल आणि त्याचा खर्च विमानाच्या किमतीहून अधिक भरण्याची पुरेपूर शक्यता आहे. तेव्हा आजची कमी किंमत ही सवलत मानू नये. पुढचे बिल तिच्यातून आधीच वजा झालेले आहे, आणि ते पुरेसे वजा झाले आहे का, एवढेच तपासायचे आहे.

लिअरजेटच्या टीएफई731-2 इंजिनांबाबत विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता योजना चालवणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या: खाते आजवर पूर्ण भरलेले आहे का, ते नव्या मालकाच्या नावावर होते का, आणि वर्षाला किमान किती तासांचे पैसे भरावेच लागतात. हा शेवटचा मुद्दा कमी उडणाऱ्या मालकांच्या लक्षात येत नाही. किमान तास 150 च्या वर असतील, तर न उडालेल्या तासांचेही पैसे आपण भराल.

बोरोस्कोप तपासणीच्या (इंजिन न उघडता आत बारीक कॅमेरा घालून पाहण्याच्या) वेळी शक्य असल्यास स्वतः पडद्यासमोर उभे राहा. टर्बाइनच्या पात्यांची टोके जळून झिजलेली आहेत का, कडांना बारीक भेगा आहेत का, हे तंत्रज्ञ दाखवत असताना समजायला कठीण नाही. पाती बसवलेल्या फिरत्या चकत्यांचे आयुष्य सायकलींत (एक उड्डाण म्हणजे साधारण एक सायकल) मोजले जाते, म्हणून प्रत्येक चकतीची नोंद ती कारखान्यातून निघाल्यापासून सलग हवी. मधले एखादे लॉगबुक हरवलेले असेल, तर तो भाग प्रत्यक्षात कितीही चांगला असला तरी कागदावर निकामी ठरू शकतो.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे. मी दोन्ही विमाने उडवली आहेत, म्हणून कामगिरीबद्दल लिहितो. 700 नॉटिकल मैलांच्या प्रवासाला सायटेशन टू साधारण दोन तास घेते आणि लिअरजेट पावणेदोनच्या आसपास. लिअरजेट ताशी इंधन जास्त पिते, पण हवेत कमी वेळ राहते. त्यामुळे एका फेरीच्या इंधनात फारसा फरक पडत नाही. पंधरा-वीस मिनिटांसाठी किती मोजायचे, हे तुम्हीच ठरवा. सलग 1,500 मैलांचे प्रवास वारंवार असते, तर मी डोळे मिटून लिअरजेट म्हटले असते.

मात्र सायटेशनला आरव्हीएसएमची, म्हणजे उंचावर इतर विमानांपासून कमी उभे अंतर ठेवून उडण्याची, मान्यता आहे का, हे सर्वांत आधी विचारा. ती नसेल तर 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात तुम्हाला नेहमीसारखे उडता येणार नाही. 28,000 फुटांवर अडकलेले जेट इतके इंधन खाते, की माहितीपत्रकातला पल्ला विसरावा लागतो. जुन्या यंत्रणेवर ही मान्यता नव्याने मिळवणे खर्चाचे काम आहे.

धावपट्टीच्या बाबतीत सायटेशन उजवे आहे. त्याचे सरळ पंख कमी वेगाला उतरू देतात, लिअरजेटला लांब धावपट्टी लागते. उन्हाळ्यातील दुपारी एक इंजिन बंद पडले तरी दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक टप्प्यात 2.4 टक्के चढण (100 फूट पुढे जाताना 2.4 फूट वर) साधता आली पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे; त्यासाठी वजन उतरवावे लागते, आणि उतरते ते बहुधा इंधन. तुमच्या नेहमीच्या विमानतळांची उंची व तापमान घेऊन हे कोष्टक आधी सोडवा.

लिअरजेट 25 चा मोह मात्र टाळावा, अशी कळकळीची विनंती आहे. त्याची सीजे610 ही टर्बोजेट इंजिने इंधनाला भारी आणि आवाजाला कर्कश आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर अशा गोंगाटी लहान जेटना 2015 च्या अखेरीपासून मूळ स्वरूपात बंदीच आहे. ते पुन्हा विकायला निघाल तेव्हा गिऱ्हाईक शोधणे कठीण जाईल.

तिसरे उत्तर

एक अनुभव सांगतो. पहिले विमान घेताना मी खरेदीपूर्व तपासणी त्याच कार्यशाळेकडून करून घेतली, जी विक्रेत्यासाठी त्याची देखभाल करत होती. अहवाल स्वच्छ आला. पुढच्या मोठ्या तपासणीत स्वच्छतागृहाखालची फळी उचलली, तेव्हा आतल्या आडव्या पट्टीवर पांढरट भुकटी दिसली. बोटाने खरवडली तर धातूचे पापुद्रे निघाले. वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने तिथे गंज धरला होता. विमान चार महिने जमिनीवर राहिले, आणि त्या काळातही हँगरचे भाडे, विमा व वैमानिकांचे पगार चालूच होते. म्हणून कार्यशाळा त्रयस्थ निवडा, फळ्या उचलायला लावा, आणि सापडलेले दोष कोणी दुरुस्त करायचे हे इसार देण्यापूर्वीच करारात लिहून घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. लिअरजेट 25 चा विषय आम्ही आजच बंद केला. सायटेशनच्या मालकाकडे आरव्हीएसएमची कागदपत्रे मागितली आहेत. ती निघाली, तर दोन्ही इंजिनांच्या ओव्हरहॉलचे लेखी अंदाजपत्रक घेऊन तेवढी रक्कम किमतीत मिळवू आणि मगच लिअरजेटशी तुलना करू. लिअरजेटच्या योजनेतील किमान तासांचा आकडाही विचारला आहे, कारण 150 तासांत आम्ही कुठे बसतो हे त्यावरच ठरेल.