‘गार्बेज’, ‘ट्रॅश’, ‘रबिश’ की ‘वेस्ट’?

शब्दवेल्हाळ :
सोसायटीच्या सूचनाफलकासाठी इंग्रजी मजकूर लिहिताना मी कचऱ्यासाठी ‘गार्बेज’ हा शब्द योजला होता. समितीतील एका सदस्यांनी तो खोडून ‘वेस्ट’ केला, तर दुसऱ्यांचा आग्रह ‘रबिश’साठी आहे. हे शब्द समानार्थी समजावेत की त्यांच्या वापरात काही भेद आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोरपीस :
भेद आहे, पण तो बराचसा देशपरत्वे आहे. घरातल्या कचऱ्याला ब्रिटनमध्ये ‘रबिश’ म्हणतात, अमेरिकेत ‘गार्बेज’ किंवा ‘ट्रॅश’. यांतला ‘गार्बेज’ सर्वांत गमतीचा. पंधराव्या शतकातील इंग्रजी पाककृतींमध्ये कोंबडीची मुंडी, पाय, काळीज, पेटा यांना हा शब्द वापरलेला आढळतो आणि त्यांचे चक्क कालवण केले जाई, म्हणजे तेव्हा तो टाकाऊ जिन्नस नव्हताच. पुढे त्याचा अर्थ स्वयंपाकघरातील उष्टे-खरकटे असा झाला. त्यामुळे अमेरिकेतील काटेकोर बोलणारे भाज्यांच्या सालींना, उरल्यासुरल्या अन्नाला ‘गार्बेज’ आणि कागद, खोकी, चिंध्या यांना ‘ट्रॅश’ म्हणत; आपल्याकडच्या ओल्या-सुक्या कचऱ्यासारखाच हा भेद. आज बोलण्यात तो पुसट झाला असला, तरी तिथल्या सिंकखाली बसवलेले, खरकटे दळून टाकणारे यंत्र ‘गार्बेज डिस्पोजल’ याच नावाने ओळखले जाते.

तळटीप :
वरील माहितीत थोडी भर. हे सर्व शब्द अगणनीय नामे आहेत, त्यामुळे आपल्याकडील काही पाट्यांवर दिसणारे ‘गार्बेजेस’ हे रूप अशुद्ध आहे. रस्त्यावर किंवा बागेत इतस्ततः टाकलेल्या कचऱ्याला ‘लिटर’ म्हणतात. तोच कचरा कुंडीत पडला की त्याला सहसा ‘लिटर’ म्हणत नाहीत. ‘रबिश’ आणि ‘गार्बेज’ हे दोन्ही शब्द निरर्थक बोलण्यालाही लावले जातात. संगणकशास्त्रातील ‘गार्बेज कलेक्शन’, म्हणजे वापरात नसलेली स्मृती आपोआप मोकळी करण्याची पद्धत, जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी योजली.

शब्दवेल्हाळ :
दोघांचेही आभार. मग फलकावर काय लिहावे?

मोरपीस :
‘वेस्ट’ लिहावे. केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांच्या इंग्रजी नावातही तोच शब्द आहे आणि ‘वेट वेस्ट’, ‘ड्राय वेस्ट’ या जोड्या आता सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शिवाय हा शब्द कारखान्यातील सांडपाण्यापासून रुग्णालयातील वापरलेल्या सुयांपर्यंत सर्वत्र चालतो, तसा ‘रबिश’ चालत नाही. घंटागाडीला मात्र इंग्रजी मजकुरातही घंटागाडीच राहू द्यावे; त्यावाचून सकाळी कोणी खाली उतरणार नाही.