दीड महिन्याची मुलगी आहे पण आतून काहीच वाटत नाही

अबोली_म
पहिल्यांदाच लिहितेय, आयडी पण यासाठीच काढलाय. सिझर झालंय, मुलगी पुढच्या आठवड्यात दीड महिन्याची होईल. माहेरी मिरजेला आहे, नवरा पुण्यात, शनिवार-रविवार येतो. घरात काही कमी नाही, आई डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं करते, मालिशवाल्या मावशी रोज येतात, त्यामुळे तर जास्तच अपराधी वाटतं. ती रडली की सगळे धावतात आणि मी आधी घड्याळाकडे बघते. पाजते, शी-शू काढते, सगळं करते पण दुसऱ्याचं बाळ सांभाळायला ठेवल्यासारखं. ती झोपली तरी मला झोप नाही, पंख्याकडे बघत पडून राहते. बाथरूममधे नळ सोडून रडते. आणि तिला घेऊन गॅलरीत जायची भीती वाटते, हातातून खाली पडतेय असं चित्रच डोळ्यापुढे येतं, म्हणून जातच नाही. आईला अर्धवट सांगितलं तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. बारशाला सगळ्या म्हणत होत्या काय तेज आलंय चेहऱ्यावर. मी वाईट आई आहे का? आणि माझं हे असं असणं तिला कळत असेल का, तिच्यावर परिणाम होईल का?

मोगरा
अगं वाईट बिईट काही नाहीस. थोरल्याच्या वेळी मला पान्हा फुटला पण माया काही लगेच फुटली नाही. चौथ्या महिन्यात त्याने माझं नाक धरलं आणि खिदळला, तेव्हा कुठे वाटलं की हा माझा. पण एक सांगते, मी तेव्हा संधी मिळाली की मेल्यासारखी झोपायचे. बाळ झोपलं तरी तुला झोप नाही हे काही मला बरं वाटत नाही, दाखवून घे.

सडेतोड_काका
आमच्या आजीला आठ पोरं, बाळंतपण झालं की सव्वा महिन्यात शेतात. कुणाला डिप्रेशन नव्हतं. मोबाईल बाजूला ठेवा, पोथी वाचा.

रुई
काका, होतं की, फक्त 'बाळंतिणीला बाहेरचं लागलं' म्हणून खपायचं, आणि कुणी विहीर जवळ केली तर पाय घसरला म्हणायचे.
अबोली, मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. तुझं त्यापुढे गेलंय. भारतातल्या अभ्यासांची गोळाबेरीज २०१७ मधे डब्ल्यूएचओच्या बुलेटिनमधे आली होती, त्यात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं प्रमाण साधारण २२ टक्के निघालं, म्हणजे तुझ्या बारशाला आलेल्यातल्याच दोघीतिघी यातून गेलेल्या असणार, बोलत नाहीत एवढंच. दीड महिन्याच्या लशीला जाशीलच, तेव्हाच तुझ्या गायनॅकला पण भेट आणि 'थकवा आहे' असं मोघम न सांगता इथे लिहिलंयस ते जसंच्या तसं दाखव. एडिंबरा म्हणून १० प्रश्नांची प्रश्नावली असते, ती भरून घ्यायला सांग, त्यातला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल असतो, तिथे लपवू नकोस. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघायला सांग, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडून पण असं होतं. गोळ्या लागल्याच तर पाजणाऱ्या आईला चालतील अशा आहेत, सर्ट्रालीन बऱ्याचदा देतात, फक्त मनाने सुरू किंवा बंद करायच्या नाहीत.
गॅलरीचं: नको असलेलं चित्र डोळ्यापुढे येणं आणि त्याला घाबरून तू लांब राहणं, हे खूप आयांना होतं, त्याचा अर्थ तू तसं करशील असा नाही. तरी डॉक्टरांना सांगच. मात्र आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलत्याच गोष्टींची खात्री पटणं, रात्र रात्र न झोपता अंगात वारं भरल्यासारखं होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. ते हजारात एक-दोघींना होतं, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. मधे कधीही फारच वाईट वाटलं तर १४४१६ ला फोन कर, टेलीमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.
आता मुलीचं. एड ट्रॉनिक म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सत्तरच्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं, बाळं आधी हसून, हात हलवून आईला खेचायला बघतात आणि मग तोंड फिरवतात. म्हणजे बाळाला कळतं. पण त्यांनाच असंही दिसलं की चांगल्या जोड्यांतसुद्धा आई-बाळाचे सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळतात, बाकी वेळ चुकतं आणि पुन्हा जुळवतात, घट्ट होतं ते त्या जुळवण्याने. 'माझी आईच हवी' हे ठाम चिकटणं सहा-सात महिन्यांनंतर दिसायला लागतं, त्यामुळे तुझी गाडी चुकलेली नाही. लंगोट बदलताना तोंड तिच्या वीतभर अंतरावर आण, जीभ काढ, थांब. ती बघेल, कदाचित तोंडाचा चंबू करेल. तिने मान फिरवली की तू पण सोड. दिवसातून एवढं झालं तरी चालेल, आतून काही वाटलं नाही तरी चालेल.

पिंट्याचा_बाप
रुईताईंनी सगळं सांगितलंच आहे. माझं एवढंच, नवऱ्याला हा धागा पाठवा. आमच्याकडे डॉक्टरांनी बायकोला सलग चार-पाच तास झोप मिळालीच पाहिजे असं बजावलं होतं, मग दूध काढून ठेवायचो आणि मध्यरात्रीचं पाजणं माझ्याकडे. शनिवार-रविवार पाहुण्यासारखं येऊन फोटो काढण्यापेक्षा पंधरा दिवस रजा टाका म्हणावं. आणि त्याच्यावर पण लक्ष असू दे, बापांना पण होतं हे.

अबोली_म
सगळ्यांचे आभार. काल लशीला गेलो, आई बरोबर होती, डॉक्टरांपुढे तोंड उघडेना म्हणून मोबाईलच हातात दिला. त्यांनी प्रश्नावली भरून घेतली, मानसोपचारवाल्या मॅडमची सोमवारची वेळ दिलीय, थायरॉईडला रक्त दिलंय. आई घरी येताना काहीच बोलली नाही, पण रात्री पोरीला तिच्याकडे घेऊन झोपली आणि मला दार लावून घ्यायला सांगितलं. नवरा उद्या येतोय, दोन आठवड्यांसाठी. रुईताई, काढलेलं दूध फ्रीजमधे किती तास चालतं ते पण सांगा ना, इथे उकाडा फार आहे आणि लाईट सारखी जाते.