कार्डाच्या दारातून मागोमाग घुसणारे

दाराला कार्ड रीडर बसवला की परक्या माणसानं आत शिरण्याचा प्रश्न मिटला, असं बरेच जण म्हणतात. नाही हो. रीडर कुलूप उघडतो, माणसं मोजत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिफ्ट बदलताना बघा: पुढचा कार्ड लावतो, मागचा एका हातात डबा, दुसऱ्यात हेल्मेट घेऊन "दार धरा की हो जरा" म्हणतो. आपल्याकडं नाही म्हणायला जीभ रेटत नाही! अँटी-पासबॅक, म्हणजे आत गेलेलं कार्ड बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत न घेणारी सोय, एकच कार्ड दोघांना वापरू देत नाही, पण बिनकार्डाचा मागून आलेला त्याला दिसतच नाही. त्यासाठी एकेकालाच सोडणारं फिरतं फाटक हवं. सर्व्हर रूमला दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं न उघडणारी. आगीत मात्र ती दारं आतून उघडलीच पाहिजेत. आधी दार आपोआप लावणारा डोअर क्लोजर तपासा, पावसात फुगलेलं दार अर्धवटच लागतं.