मदत हवी आहे: ब्लेडला सर्व्हिस प्रोफाइल लावताना डिस्क कॉन्फिगरेशनची एरर

नमस्कार मंडळी. सिस्को यूसीएस (सिस्कोची सर्व्हर यंत्रणा) नेहमी हाताळणाऱ्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे. काम तातडीचं आहे, पण मुख्य चिंता डेटाची आहे.

५१०८ चासीत (ब्लेड बसवायच्या पेटीत) बी२०० एम४ ब्लेड (पातळ सर्व्हर) आहेत. त्यातल्या एका ब्लेडचा मदरबोर्ड गेला, म्हणून त्याच्या दोन्ही डिस्क त्याच क्रमाने बदली ब्लेडमध्ये घातल्या. आता नवीन सर्व्हिस प्रोफाइल (सर्व्हरच्या सेटिंगचा संच) लावली की असोसिएशन (प्रोफाइल ब्लेडला जोडणं) अडतं आणि प्रोफाइल 'कॉन्फिग फेल्युअर' दाखवते. त्याच टेम्प्लेटच्या बाकीच्या प्रोफाइल शेजारच्या ब्लेडवर व्यवस्थित चालल्या आहेत, त्यामुळे व्हीलॅन, पूल किंवा फर्मवेअरवर माझा संशय नाही. लोकल डिस्क पॉलिसीत 'रेड १ मिररर्ड' (दोन डिस्कवर त्याच डेटाच्या दोन प्रती) आहे. इन्व्हेंटरीत स्टोरेजखाली दोन्ही डिस्क 'फॉरेन कॉन्फिगरेशन' दिसतात. जुन्या ब्लेडवर रेड ० (डेटा दोन्ही डिस्कवर वाटलेला) होतं आणि त्यावर लेखा विभागाचा डेटा आहे. बॅकअप जुना आहे.

'क्लिअर फॉरेन कॉन्फिगरेशन' केलं तर एरर जाईल असं सहकारी म्हणतात. करू का? डेटा राहील का?

प्रतिसाद:

क्लिअर अजिबात करू नका. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते. नव्या कंट्रोलरला ती परकी वाटते, म्हणून 'फॉरेन'. क्लिअर केलं की तीच माहिती पुसली जाते आणि मग रेड ० मधला डेटा जुळवणं फार अवघड होऊन बसतं. तुमची एररही यातूनच येते: मिररसाठी दोन 'अनकॉन्फिगर्ड गुड' (चांगल्या, पण कुठल्याही रेडमध्ये नसलेल्या) डिस्क लागतात आणि तुमच्याकडे तशी एकही नाही.

जमत असेल तर आधी एचबीए (डिस्क रेडशिवाय थेट जोडणारं कार्ड) असलेल्या दुसऱ्या मशीनवर दोन्ही डिस्कच्या सेक्टर-बाय-सेक्टर प्रती काढा. रेड ० ला दोन्ही डिस्क लागतात, एक बिघडली की सगळं गेलं. मग दोन्ही डिस्क ब्लेडमध्ये असताना कंट्रोलरच्या मेन्यूतून 'इंपोर्ट' करा, म्हणजे डिस्कवरची रेडची माहिती नवा कंट्रोलर आहे तशी स्वीकारेल.

इंपोर्ट झालं तरी रेड १ ची पॉलिसी रेड ० वर चालणार नाही. या ब्लेडसाठी वेगळी प्रोफाइल करा, तिच्यात मोड 'एनी कॉन्फिगरेशन' ठेवा. त्यात डिस्कची मांडणी आहे तशीच राहते. स्क्रब पॉलिसीत डिस्क स्क्रब (डिस्क पुसणं) 'नो' आहे ना, हे स्वतः बघा. मूळ टेम्प्लेटला मात्र हात लावू नका: ते 'अपडेटिंग' प्रकारचं असेल तर पॉलिसीतला बदल चालू असलेल्या सगळ्या ब्लेडवर जाईल.

डेटा दुसरीकडे उतरवून, उघडून तपासल्यावरच जुना व्हॉल्यूम काढा. डिस्क 'अनकॉन्फिगर्ड गुड' झाल्या की रेड १ ची प्रोफाइल लावा.

इंपोर्टच्या वेळी काही वेगळा संदेश आला तर एफएसएम टॅबमधला (कामाचे टप्पे दाखवणारा) मजकूर जसाच्या तसा इथे टाका.