वजनकाटा घेताना: घरच्या काट्यावर किती विश्वास ठेवता?

नमस्कार मंडळी. थायरॉइड निघाल्यापासून डॉक्टर म्हणतात घरी वजन बघत राहा. ऑनलाइन बघायला गेलं तर पाचशेपासून तीन हजारांपर्यंत काटे आहेत आणि सगळ्यांना चार-साडेचार स्टार. जिमचा काटा एक सांगतो, दवाखान्यातला दुसरंच, त्यात तिथे चप्पल काढायची की नाही यावरून रोज वेगळा नियम. हजाराच्या आत बरा मिळतो का, आणि तो बरोबर आहे हे घरच्या घरी कसं तपासलंत? वापरणाऱ्यांनीच लिहा, लिंका नकोत.

*

ताई, पॉइंटपुढच्या आकड्यांना भुलू नका. डिस्प्लेवर ५० ग्रॅमचा फरक दिसतो म्हणजे काटा तेवढा अचूक असतो असं अजिबात नाही. काचेखाली चार कोपऱ्यांत चार लोडसेल असतात, भार आला की किंचित वाकतात, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून आकडा येतो. म्हणून काट्याचा एक पाय फरशीच्या सांध्यावर अधांतरी राहिला की गणित बिघडलंच. आमच्या गावच्या घरी शहाबादी फरशी आहे, तिथे तोच काटा दोन जागी दोन वजनं दाखवतो, पुण्यात व्हिट्रिफाइड टाइलवर मात्र गुमान एकच. आणि काटा उचलून दुसरीकडे ठेवला की आधी पायाने दाबून ० येऊ द्या, मगच चढा. हे पुस्तिकेत असतं पण ती कोण वाचतंय.

*

माझी तपासायची पद्धत सोप्पी आहे. आधी नुसतं चढायचं, मग आट्याची १० किलोची सीलबंद पिशवी कडेवर घेऊन चढायचं, फरक १० च्या आसपास आला की काटा पास. नुसती पिशवी काट्यावर ठेवून तपासू नका, आपल्याला ७०-८० किलोच्या घरात तो कसा वागतो ते बघायचंय ना! गॅस सिलिंडरने पण करतात लोक, कड्यावर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे, पण काचेच्या काट्यावर ते लोखंड ठेवायला माझा तरी जीव होत नाही.

*

वरच्या पद्धतीत एक भर. स्वस्तातल्या बऱ्याच काट्यांना एक लबाडी शिकवलेली असते, नवं वजन मागच्याच्या जवळपास असलं की जुनाच आकडा परत दाखवायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटतं वा, काय स्थिर काटा आहे! पकडायची कशी, तर चढा, उतरा, मग पाव लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन चढा. आकडा तसूभर हलला नाही तर संशय घ्या. मग मध्येच मुलाला चढवा आणि पुन्हा स्वतः बाटलीसकट चढा, आता बदलला तर चोर सापडला. आमच्याकडचा असाच निघाला, परतीची मुदत होती म्हणून वाचलो.

*

न्यू जर्सीत भाड्याच्या घरात सगळीकडे कार्पेट. त्यावर काटा ठेवला की बेस रुततो, थोडा भार कार्पेटच उचलतं आणि वजन कमी दिसतं, नवरा भलताच खूश होता :) बाथरूमच्या टाइलवर नेला आणि खुशी उतरली. तिथे पाउंडात आकडे. आईबाबा आले तेव्हा आई १५४ वाचून हबकलीच, मागे बटण असतं ते किलोवर केलं तर ७०.

*

फॅट, मसल, बोन, "शरीराचं वय" वगैरे दाखवणारे ब्लूटूथवाले काटे आहेत त्यावर माझं स्पष्ट मत: वजनासाठी घ्या, बाकीचं करमणूक म्हणून बघा. तळपायातून बारीकसा करंट सोडून फॅटचा अंदाज बांधतात, पाणी कमी-जास्त प्यायलात, पाय ओले असले तरी टक्का बदलतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना यावर चढवू नका, माझ्या सासऱ्यांना आहे म्हणून आम्ही साधाच घेतला.

*

काटा कितीही भारी घ्या हो, आदल्या रात्री पापड-लोणच्यासकट जेवलात किंवा एकादशीची साबुदाणा खिचडी चापलीत तर सकाळी किलोभर जास्त दिसणारच, ते पाणी असतं, चरबी एका रात्रीत चढत नाही. मी सकाळी पोट साफ झाल्यावर चहाच्या आधी बघते, आणि वहीत आठवड्याची सरासरी काढते. माझा काटा शेजारणीच्या काट्यापेक्षा जरा जास्तच दाखवतो, दाखवू दे, रोज तेवढंच जास्त दाखवतो ना, मग उतरलेलं बरोबर कळतं.

*

स्प्रिंगवाला, डायलचा काटा कुणी सुचवेल तर नको म्हणा. बॅटरी लागत नाही हे खरं, पण स्प्रिंग सैलावते, दर वेळी चाक फिरवून शून्यावर आणावं लागतं आणि जरा तिरकं उभं राहून वाचलं की अर्धा किलो इकडेतिकडे.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, आट्याची पिशवी उद्याच आणते. आई पण यावर चढणार आहे, तिचा तोल जातो हल्ली. काच घसरते का?

*

ओली असली तर घसरतेच, त्यामुळे नाव बाथरूम स्केल असलं तरी बाथरूममध्ये ठेवू नका, दमटपणाने आतलं सर्किटही जातं. आईंसाठी रुंद आणि वर खरखरीत रबर असलेला बघा, भिंतीजवळ ठेवा. फक्त भिंतीला हात धरून वजन करू नका म्हणावं, तेवढं हातावर जातं. आधाराने चढायचं, आकडा थांबेपर्यंत दोन क्षण हात सोडायचा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. आणि पेन्सिल सेलवर चालणारा मिळाला तर तो घ्या, तो सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो.