२१ सेंटिमीटरसाठी लो-नॉइज रिसीव्हर: तयार डबी घ्यावी की सुटे भाग जोडावेत?

गच्चीवरचा_हॉर्न: साताऱ्यात गच्चीवरून आकाशातल्या हायड्रोजन वायूची रेडिओ रेषा (२१ सेंटिमीटर, म्हणजे १४२०.४ मेगाहर्ट्झ) पकडायची आहे. फोम शीटला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना) केलाय, तोंड पाऊण मीटर. आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आहे. एलएनए (लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर) आणि फिल्टर एकत्र असलेली डबी घ्यावी की सुटं सुटं? समोरच्याच इमारतीवर मोबाइल टॉवर आहे. केबल खाली खोलीत नेणार, दहाएक मीटर.

जुना_आरएफवाला: डबीचं नंतर बघू, आधी सांगा ती केबल हॉर्न आणि एलएनएच्या मध्ये येणार की एलएनएच्या नंतर? एलएनए खोलीत ठेवणार असाल तर पैसे पाण्यात. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी १ डेसिबल गेला की नॉइजमध्ये (तो तापमानासारखा केल्व्हिनमध्ये मोजतात) किमान ७५ केल्व्हिनची भर पडते. चांगल्या एलएनएचा स्वतःचा नॉइज त्याहून कमी असतो: ०.८ डेसिबल नॉइज फिगर म्हणजे जेमतेम ६० केल्व्हिन. आणि दहा मीटर आरजी-५८ इथे ६-७ डेसिबल सहज खाते. एलएनए थेट हॉर्नच्या प्रोबवरच बसवा. मग पुढे केबल साधी असली तरी चालेल.

डबी म्हणाल तर नूएलेकची सॉबर्ड प्लस एच१ घ्या. आत एलएनए, सॉ फिल्टर (ठरावीक पट्टाच पुढे जाऊ देणारा) आणि परत एलएनए, मिळून ४० डेसिबलच्या आसपास गेन (सिग्नलची वाढ). व्ही३ च्या बायस-टीवर (अँटेनाच्या केबलमधूनच वीज पाठवायची सोय) चालते, वेगळी वायर ओढायला नको. पावसापासून मात्र सांभाळा.

नारायणगाव_पलीकडे: खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीतही फ्रंट-एंड (पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरचा भाग) डिशच्या फोकसवरच असतो, तेही न थंड केलेला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलात तर तिथल्या लोकांना जरूर विचारा.

जुना_आरएफवाला: टॉवरचं राहिलंच. त्या डबीत फिल्टर पहिल्या एलएनएच्या नंतर आहे, त्यामुळे पहिला टप्पा उघडाच. हॉर्न टॉवरकडे फिरवून बघा. नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाची पातळी) वेडावाकडा झाला तर पहिल्या एलएनएच्या अगोदर कॅव्हिटी फिल्टर (धातूच्या पोकळीचा) लावावा लागेल. त्याचा अर्धा डेसिबल गेला की साधारण ३५-४० केल्व्हिनचा फटका, म्हणून आधीच लावू नका. हॉर्नच्या मागच्या, प्रोब असलेल्या वेव्हगाइडच्या डब्याची रुंदी किती?

गच्चीवरचा_हॉर्न: १७ सेंमी.

जुना_आरएफवाला: मग कटऑफ (याखालच्या लहरी डब्यातून जात नाहीत) ८८० मेगाहर्ट्झ. टॉवरचा ९०० चा बँड बिनदिक्कत आत येतो. १५ सेंमीचा डबा केलात तर कटऑफ १००० वर जातो आणि ९०० चा त्रास फुकटात बराच कमी होतो. १८०० वाला मात्र येणारच.

शेवटी चाचणी: हॉर्न आधी मोकळ्या आकाशाकडे, मग जमिनीकडे. फरक ६ डेसिबल आला तर सिस्टिमचा नॉइज ९० केल्व्हिनच्या आसपास, झकास. ३ आला तर २८० च्या घरात. प्रोब आणि कनेक्टर तपासा.

गच्चीवरचा_हॉर्न: डबा बदलतो, सर. ऑर्डर आजच टाकतो.