मदत हवी आहे: आईचं वजन ७६ किलो तरी हाडं ठिसूळ निघाली, आता वजन उतरवायचं कसं?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आई ५९ वर्षांची, पाळी ४६ व्या वर्षीच गेली. गेल्या महिन्यात मोरीजवळच्या ओल्या फरशीवर घसरली, हात टेकवला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करायला लावली, तर मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिसच, म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा आजार, म्हणतात. मला खरंच पटेना ओ, कारण आईची उंची पाच फूट आणि वजन ७६, आमच्या गल्लीत सगळ्या म्हणायच्या अंगानं भरलेली बाई, हिच्या हाडांना काय होतंय.

डॉक्टरांनी समजावलं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजन हे हार्मोन कमी होतं आणि पहिली काही वर्षं हाडं भराभर झिजतात. चरबीतूनही थोडं इस्ट्रोजन बनतं आणि अंगाचा भारही हाडांवर पडतो, त्यामुळे एकदम बारीक बायकांना धोका जास्त हे खरं, पण म्हणून जाड बाई सुटली असं नाही. पोटाची चरबी हाडांना उलट त्रासच देते, आणि हाडाला खरा आधार स्नायूंचा, ते ओढ देतात तेव्हा हाड घट्ट राहतं. आईचे स्नायूच गेलेत. तीस वर्षं विड्या वळल्या तिनं, मांडी घालून, मांडीवर सूप, दिवसभर तशीच, ऊन अंगावर नाही. बोटं अजून चपळ आहेत पण जमिनीवरून उठायचं तर आधी भिंत धरते, मग गुडघ्यावर हात, मग जरा वेळ तशीच वाकून उभी. शेंगाचटणीच्या बरणीचं झाकण तर हात मोडायच्या आधीपासूनच मी उघडून देतेय. ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

आता अडचण अशी की गुडघ्यांसाठी वजन कमी करा असं सांगितलंय, आणि मावशीनं तिला नुसत्या ज्यूसवर ठेवलं, तीन आठवड्यांत ४ किलो गेलं. मावशी खूश, पण मी वाचलंय की असं झटपट उतरवलं की चरबीबरोबर स्नायू आणि हाडंही जातात, म्हणून मी ते बंद केलं आणि घरात भांडण झालं.

तर विचारायचं होतं की कुणाच्या आईचं किंवा सासूचं असं वजन हळूहळू, स्नायू टिकवून उतरलंय का? प्रोटीन कसं वाढवलं, आई अंडं खात नाही, रोज कडक भाकरी, पातळ आमटी, थोडं दही, बस. आणि व्यायाम? तलावाकडच्या योगाच्या ग्रुपला जाते म्हणते पण तिथं पुढं वाकून पायाला हात लावायला लावतात, मणका ठिसूळ असताना ते करू नये असं डॉक्टर म्हणाले. खुर्चीवरून उठ-बस, रबरी पट्टा ओढणं असं काही घरी शिकवणारी बाई फिजिओ होटगी रोड किंवा जुळे सोलापूरकडे कुणाला माहितीय का? साडीतच करेल ती, ड्रेस घालणार नाही.

हाडांची गोळी आठवड्याला एक चालू आहे, रिकाम्या पोटी घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ते ती पाळते. प्लास्टर पुढच्या सोमवारी निघतंय, त्याच्या आधी कुणी सांगितलं तर लगेच सुरू करता येईल.